रुमालाची जागा

माणूस जास्तीत जास्त किती काळजी करू शकतो, हे निसर्गाला एकदा पाहायचं असावं आणि त्यासाठीच त्याने माझ्या मेहुण्याला जन्माला घातलं असावं, असं माझं ठाम मत आहे. मी हायस्कुलात गणित शिकवतो. पुराव्याशिवाय मत बनवायची मला सवय नाही. पण या बाबतीतला पुरावा पाच वर्षं माझ्याच घराच्या माडीवर राहत होता आणि रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा पीत होता. आभाळ भरून आलं की त्याला विजेची काळजी, आणि लख्ख ऊन पडलं की गच्चीवरची टाकी तडकायची काळजी. बस उशिरा आली तर आपण उशिरा पोचू ही धास्ती, आणि वेळेवर आली तर ही आधीचीच रखडलेली बस नसेल ना, ही. एकदा आठवडाभर त्याला कसलीच काळजी वाटली नाही, तेव्हा आपल्याला काही आजार तर झाला नाही ना म्हणून तो वाशीमला डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, तब्येत उत्तम आहे. परत येताना रस्ताभर त्याच्या डोक्यात एकच विचार होता, डॉक्टरांनी नीट तपासलं का.

हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तिचं माहेर इंझोरी. आईवडील लवकर गेले तेव्हा हा आठवीत होता. पुढचं सगळं हिनेच पाहिलं, वसतिगृहाच्या फॉर्मपासून स्वेटरपर्यंत. पुण्याला शिकला, तिथेच एका लहानशा कंपनीत लागला. कोरोनात ऑफिसला कुलूप लागलं तेव्हा एक बॅग आणि दोन कॉम्प्युटर घेऊन शेलूबाजारला आमच्याकडे आला, पंधरा दिवसांसाठी. आल्या आल्या माडीच्या जिन्याच्या पायऱ्या त्याने मोजल्या. अंधारात उतरायची वेळ आली तर माहीत असलेल्या बऱ्या, असं म्हणाला. मग ते पंधरा दिवस पाच वर्षं चालले.

तो काय काम करतो हे समजून घ्यायला मला बरेच चहा लागले. यंत्रांच्या आत एक मुख्य कारभारी प्रोग्राम असतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. हा त्या कारभाऱ्याच्याही आतला एक कोपरा लिहायचा. "मशीनमधी मेमरी थोडीशी असते, भाऊजी," त्याने मला सांगितलं होतं. "हरेक कामाले त्यातली थोडी जागा लागते. काम आलं की जागा द्याची, काम झालं की वापस घ्याची. कोनती जागा देल्ली अन् कोनती खाली हाय, याची नोंद ठेवनं, एवढंच माहं काम." मी म्हटलं, हे तर आमच्या शाळेचा शिपाईसुद्धा करतो. त्याने माझ्याकडे इतक्या कळवळून पाहिलं की मी विषय बदलला. नंतर कळलं, ती नोंद कशी ठेवायची याच प्रश्नावर जगभरची हुशार माणसं भांडत असतात, आणि हा माडीवर बसून एकटाच, दोन्ही बाजूंनी.

जागेची ही धास्ती कामापुरती राहिली असती तर बरं झालं असतं. विहारात वंदनेला जाताना सगळे जण चपला पायरीपाशी काढतात. हा एक चप्पल लिंबाच्या झाडाखाली ठेवायचा आणि दुसरी हापशीच्या मागे. दोन्ही एका ठिकाणी ठेवल्या तर चोर जोडी उचलतो, एकट्या चपलेच्या मागे कोण लागतं, हा त्यामागचा हिशेब. एका पौर्णिमेला वंदना संपली, माणसं निघाली, आणि हा एका पायात चप्पल घालून हापशीपाशी उभा. येणाराजाणारा "जयभीम" म्हणत होता, हाही हात जोडून "जयभीम" म्हणत होता, आणि उघडा पाय दुसऱ्या पायामागे लपवत होता. शेवटी कचऱ्याच्या ढिगात चप्पल सापडली. कोणीतरी एकटी चप्पल पाहून ती टाकून दिलेली समजून झाडलोटीत घेतली होती. मला हसू आवरेना. तो मात्र गंभीर. "चोरीले नाई गेली, भाऊजी. वापरात असताना खाली समजून उचलल्या गेली. हे चोरीपेक्षा वाईट असते." त्या दिवशी घरी येऊन त्याने आपल्या प्रोग्राममध्ये दोन तास काहीतरी तपासलं.

आणि रुमालाची गोष्ट तर शेलूबाजारच्या जीप स्टँडवर अजून सांगतात. त्याला मंगरुळपीरला जायचं होतं. जीपच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकला म्हणजे ती जागा त्या माणसाची, हा आपल्याकडचा कायदा. याने रुमाल टाकला आणि लगेच त्याला वाटलं, आपण माडीला कुलूप लावलं की नाही. तसाच घरी आला. कुलूप होतं. ते पाहून त्याला इतकं हायसं वाटलं की मंगरुळपीर तो साफ विसरला आणि माडीवर जाऊन कामाला बसला. इकडे जीप भरली. तीन माणसं मागे लटकली, एका म्हाताऱ्याने बॉनेटजवळ अंग मुडपून घेतलं, पण रुमालाच्या जागेवर कोणी बसेना. रुमाल आहे म्हणजे माणूस येणारच. संध्याकाळी जीपवाला आमच्या दारात आला आणि रुमाल माझ्या हातात देऊन म्हणाला, "सर, तुमचा रुमाल मंगरुळले जाऊन आला. खिडकीची जागा भेटली होती त्याले."

दुसऱ्या दिवशी हिने त्याचे सगळे रुमाल गोळा केले आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने त्याचं नाव काढलं. "आता कोठी गेला तरी वापस येईन," ती म्हणाली. रुमाल की भाऊ, हे काही तिने सांगितलं नाही.

नोंद ठेवायच्या ज्या पद्धतींवरून त्याचा जीव टांगणीला लागायचा, त्या त्याने आधी आमच्या कोठीच्या खोलीवर करून पाहिल्या. पहिली होती बिटमॅपची. कोठीच्या दाराच्या आतल्या बाजूला त्याने खडूने चौकटी आखल्या, फळीवरच्या प्रत्येक जागेला एक. जागा भरली की चौकटीत खूण, रिकामी झाली की खूण पुसायची. पद्धत सुटसुटीत, नोंदीला जागा जवळजवळ लागतच नाही. फक्त पाहुणे बसलेले असताना हिला शेंगदाणे सापडेनात. दारावरच्या चौकटी सांगत होत्या की सगळी जागा भरलेली आहे. "भरलेलं हाय एवढं समजते, ताई," तो दारात अवघडून म्हणाला, "कायनं भरलेलं हाय ते नाई समजत." मग आली साखळी. प्रत्येक डब्याला एक चिठ्ठी, तिच्यावर पुढचा डबा कुठे आहे ते. तिखट पाहिजे असेल तर मिठापासून निघून चिठ्ठ्या वाचत वाचत जायचं. चौथ्या दिवशी मी गुळाचा रिकामा डबा चिठ्ठीसकट घासायला टाकला आणि गुळाच्या पुढची सगळी कोठी हरवली. तिसरी पद्धत झाडाची होती, फांदीला फांदी फुटावी तशी डब्यांची वाटणी. तिच्यात वस्तू पटकन सापडायची, पण नवा डबा आला की जुने आठ डबे हलवावे लागायचे. त्याने डबे हलवायला घेतले आणि हिने लाटणं हातात घेतलं. "तुह्या मशीनमधी काय करायचं ते कर. माह्या कोठीले हात नको लावू."

इथवरचं सगळं मी शाळेत, स्टँडवर, लग्नाकार्यात रंगवून सांगायचो आणि लोक हसायचे. पण गेल्या हिवाळ्यात मला ते हसून सांगता येईना.

माझी बायको जवळच्या एका आरोग्य केंद्रात नर्स आहे. तिथे लशींचा फ्रिज आहे. आतल्या तापमानाचा आकडा दोन आणि आठच्या मध्ये राहायला हवा. वर गेला तर लस वाया, आणि बाहेरून पाहून ती वाया गेलेली कळतही नाही. ही दिवसातून दोनदा तो आकडा रजिस्टरमध्ये लिहिते, आणि सुटीच्या दिवशीही स्कूटी काढून एक चक्कर मारून यायची. याच्या कंपनीने त्यासाठी एक डबी बनवली. मुठीएवढी, फ्रिजच्या बाजूला भिंतीवर लावायची. फ्रिजची वीज गेली किंवा आकडा वर सरकला की तीन मोबाइलवर मेसेज: नर्स, डॉक्टर आणि हा. शिवाय रोज संध्याकाळी सहाला 'सर्व ठीक' म्हणून एक. काही केंद्रांत ती आधी लावून पाहायची होती, त्यात हिचं केंद्र आलं. डबीच्या आतली मेमरी वाटायचं काम याचं. ही केंद्रात सगळ्यांना ती डबी दाखवायची आणि म्हणायची, "माह्या भावानं बनवली." आणि तिने रविवारची चक्कर बंद केली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा ती रविवारी दुपारी आडवी झालेली मी पाहिली.

बारा दिवस डबी बोलली. तेराव्या संध्याकाळी सहाला मेसेज आला नाही. सव्वासहालाही नाही. केंद्रात जाऊन पाहिलं तर डबीचा हिरवा दिवा चालू, फ्रिजचा आकडा चार, सगळं जागच्या जागी, फक्त डबी मुकी. बंद करून चालू केली तर पुन्हा बोलायला लागली, आणि काही दिवसांनी पुन्हा गप्प. मेमरी भरून जात होती एवढं याला कळलं. कामं जागा मागत होती, आणि कोणीतरी जागा घेऊन परत देत नव्हतं. कोण, ते कळत नव्हतं, कारण नोंद ठेवायला याने आपल्या कोठीच्या दारावरची तीच खडूच्या चौकटींची पद्धत निवडली होती.

"डब्बी नसती तं ताई चक्कर मारत असती," तो मला म्हणाला. "आता डब्बी हाय म्हनून ती जात नाई, अन् डब्बी मुकी हाय. म्हंजे मीच तिले घरी बसवलं, अन् फ्रिजपाशी कोनीच नाई." त्याच्या शंभर काळज्यांत ही एक खरी होती, आणि ती ओळखायला मला वेळ लागला याचं मला अजून वाईट वाटतं. पोलिओ रविवार तीन आठवड्यांवर आला होता. त्या रविवारच्या आधी केंद्राचा फ्रिज डोसांनी गच्च भरतो. कंपनीच्या साहेबांनी सांगून टाकलं होतं की तोवर डबी सुधारली तर ठीक, नाहीतर सगळ्या डब्या काढून आणायच्या आणि हे काम दुसऱ्याकडे द्यायचं. हिने पुन्हा रविवारची चक्कर सुरू केली. स्कूटीची किल्ली ती आवाज न करता खिळ्यावरून काढायची, आणि तो न झालेला आवाज याला माडीवर ऐकू यायचा.

ते तीन आठवडे घर त्याच्या येरझाऱ्यांवर चाललं. जेवताना तो पोळीचे तुकडे करून ताटाच्या कडेला ओळीने मांडायचा, त्यातला एक उचलायचा आणि उरलेल्यांकडे बघत बसायचा. मी माझ्या परीने सल्ला दिला: खूण करण्याऐवजी नावांची यादी कर, कोणती जागा कोणाकडे, केव्हापासून. तो थकल्यासारखा हसला. "तुमच्या वर्गात तीस बाकं हायत, भाऊजी. हजेरीचं पुस्तकच वीस बाकांवर बसलं तं पोरं कोठी बसतीन?" डबीची मेमरीच एवढीशी की यादी ठेवली तर यादीनेच ती भरणार. साखळी केली तर एक कडी तुटल्यावर गुळाच्या डब्यासारखी गत. झाड केलं तर डबीचा सगळा वेळ हलवाहलवीत. पुन्हा तो चौकटींपाशी यायचा. एकदा माझा तोल सुटला. मी म्हटलं, तुला निवडायचंच नाही, निवडलं की ते चुकेल म्हणून तू नुसता फिरत राहतोस. तो म्हणाला, "हो." आणि ताट उचलून मोरीत ठेवून माडीवर गेला. जिन्याच्या पायऱ्या मोजलेल्या मला खालून ऐकू आल्या.

त्याच आठवड्यात पौर्णिमा होती आणि विहारात खीरदान होतं. खिरीला आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरातून भांडी जातात. मोठे गंज, पातेली, परातीएवढी झाकणं, सगळी एकसारखीच स्टीलची. कार्यक्रम आटोपला की घासलेल्या भांड्यांचा ढीग विहाराच्या ओट्यावर पडतो आणि बायका वाटपाला बसतात. आदल्या वर्षी हे काम याने अंगावर घेतलं होतं. वही आखली होती: भांडं, आकार, कोणाकडून, किती वाजता. ती वहीच खिरीच्या गंजात पडली आणि अर्ध्या गल्लीची भांडी महिनाभर दुसऱ्या अर्ध्या गल्लीत नांदली. या वर्षी त्याला ओट्याकडे फिरकायची बंदी होती. पण माझ्या आग्रहाने तो विहारात आला होता आणि लांबून ढिगाकडे पाहत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"ताई, यंदा वही कोनाकडे हाय?"

"वही कायले पाहिजे?" हिने वर न पाहता एक गंज पालथा केला, बुडावर कोरलेलं नाव वाचलं आणि तो डाव्या हाताला सरकवला. दुसरं भांडं पालथं केलं. "हे धनजच्या आत्यानं देल्लेलं, लग्नातलं. माहं हाय. हे पाटलीनबाईचं. हे विहाराचं." चार-पाच भांडी झाली. "भांड्याचं नाव भांड्यावर असते, बापा. वेगळं लिवून कायले ठेवा लागते?"

आपल्याकडे भांडं घेतलं की दुकानातच त्यावर नाव टाकून घेतात. लग्नातलं असेल तर कोणाकडून कोणाला, तारखेसकट. मी जन्मभर त्या नावांवर खीर खाल्ली आणि मला त्यात कधी काही दिसलं नाही. हा मात्र ढिगातला एक गंज हातात धरून उभाच राहिला. बुडावरच्या अक्षरांवरून त्याने बोट फिरवलं. मग तो गंज काखेत मारून, दोन्ही चपला जिथल्या तिथे सोडून, घराकडे चालायला लागला.

माडीवर तीन दिवस काय चाललं ते त्याने नंतर सांगितलं. वेगळी यादी नको. जागा द्यायची तेव्हा त्या जागेच्याच पहिल्या कोपऱ्यात घेणाऱ्याचं नाव आणि वेळ टाकायची. भरलेली जागा स्वतःच सांगते, मी कोणाची. आणि रिकाम्या जागेत नाहीतरी काहीच नसतं, तर त्या कोपऱ्यात पुढची रिकामी जागा कुठे ते लिहून ठेवायचं. त्याच्या धंद्यात हे कोणालाच माहीत नव्हतं असं नाही. यालाही माहीत होतं, पण प्रत्येक जागेचा कोपरा खर्ची पडेल म्हणून त्याचा हात धजत नव्हता. नावं टाकल्यावर त्याने एक डबी मुद्दाम मुकी होऊ दिली आणि तिच्यातल्या जागा एकेक करून पालथ्या केल्या. जवळजवळ सगळ्यांच्या बुडाला एकच नाव निघालं. मेसेज पाठवणारं काम. मेसेज लिहायला ते जागा घ्यायचं, रेंज गेलेली असली की तसंच परत फिरायचं, आणि जागा सोडायचं विसरून जायचं. पुढच्या वेळी नवी जागा.

मी म्हटलं, "म्हणजे रुमाल टाकून कुलूप पाहायला घरी आला."

खिशातून रुमाल काढून त्याने तोंड पुसलं, कोपऱ्यातली लाल अक्षरं पाहिली आणि तो नीट घडी करून पुन्हा खिशात ठेवला. विहारातून आणलेला गंज ज्या शेजारणीचा होता, तिला तो तिसऱ्या दिवशी परत मिळाला. तिने तो शोधलाही नव्हता. नाव आहे, येईल, म्हणाली.

पोलिओ रविवारच्या आदल्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी केंद्रात गेलो. लस आली होती, फ्रिज भरला होता. सुधारलेली डबी गुरुवारी लावून झाली होती, पण तिच्यावर विश्वास टाकायला तो थोडाच तयार होता. सकाळपासून फ्रिजशेजारी स्टूल टाकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन तो डबीतली नावं वाचत बसला होता. मी पोचलो आणि मिनिटभरात त्याचा मोबाइल वाजला. बाहेरच्या खोलीत हिचा वाजला, आणि कुठेतरी डॉक्टरांचाही. त्याने मेसेज वाचला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. फ्रिजची वीज बंद.

"खोटं सांगून राह्यली," तो म्हणाला. "पंखा तं चालू हाय, भाऊजी. लाईट हाय. पुन्हा बिघडली." तो जागा पालथ्या करायला लागला, पहिलं नाव, दुसरं नाव, सगळं बरोबर, तेवढ्यात पुन्हा तोच मेसेज. उद्या गावोगावची पोरं आईच्या कडेवर बसून येणार होती. तेवढ्यात ही आत आली. तिने डबीकडे पाहिलं नाही, भावाकडे पाहिलं नाही, थेट भिंतीवरच्या बोर्डाकडे पाहिलं. फ्रिजचा प्लग खाली फरशीवर पडला होता आणि त्याच्या जागी एक काळा चार्जर डौलाने बसला होता.

"हे तुहं हाय काय?" तिने विचारलं.

लॅपटॉपची बॅटरी उतरत होती. ती उतरली तर डबीवर लक्ष कसं राहणार, या काळजीत त्याने दिसेल तो प्लग काढून आपला लावला होता. हिने चार्जर काढला, फ्रिजचा प्लग लावला आणि आकडा पाहिला. चारच होता, बर्फाच्या भिंतींचा फ्रिज तेवढ्याने तापत नाही. डॉक्टर धावत दारात आले तेव्हा ती रजिस्टर भरत होती. वीज बंद: पाच मिनिटं. पुढे 'कारण' असा रकाना असतो. त्यात तिने आपल्या नीट अक्षरात लिहिलं: भाऊ.

तो स्टुलावरच बसला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसतही होता. "खरं सांगतलं, ताई," तो म्हणत होता. "डब्बीनं खरं सांगतलं." आयुष्यात पहिल्यांदा धोका त्याच्या आधी दुसऱ्या कोणाला तरी कळला होता. हिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि रजिस्टर मिटलं. रविवार नेहमीसारखा गडबडीत गेला आणि संध्याकाळी सहाला तिघांच्या मोबाइलवर 'सर्व ठीक' आलं.

डब्या आता आणखी केंद्रांत लागायच्या आहेत आणि त्यासाठी कंपनीने त्याला पुण्याला बोलावून घेतलं. डबी बिघडली असती तर काम गेलं असतं. सुधारली म्हणून माणूस गेला. हा हिशेब मला गणिताचा मास्तर असूनही आवडलेला नाही. जायच्या दिवशी तो तीनदा घरी परत आला. एकदा माडीचं कुलूप पाहायला, एकदा गॅस पाहायला, आणि एकदा काय पाहायला ते त्याने सांगितलं नाही. स्वयंपाकघरात हिच्यापाशी दोन मिनिटं उभा राहिला आणि गेला. मला वाटलं होतं, घर मोकळं झाल्यावर सुटल्यासारखं होईल. तसं झालं नाही. आभाळ भरून आलं की आता मला विजेची काळजी वाटते.

ही रविवारी चक्कर मारत नाही. सहाला मेसेज येतो तेव्हा बहुतेक ती घरीच असते. फ्रिज ठीक आहे हे तिला माहीत असतं, तरी हातातलं काम ठेवून ती मेसेज उघडते आणि त्या दोन शब्दांकडे जरा जास्तच वेळ पाहते.

जाताना त्याचा एक रुमाल जेवणाच्या टेबलापाशी त्याच्या खुर्चीवर राहिला. दुसऱ्या दिवशी मी तो उचलायला गेलो तर ही म्हणाली, "राहू द्या." आठवड्याने त्याचा फोन आला. ऑफिसचं, खोलीचं, खोलीच्या कुलपाचं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "भाऊजी, माह्या खुर्चीवर रुमाल राह्यला काय?"

"हो."

"उचलून घ्या मंग. जागा अडकून राह्यली असन."

हिने माझ्या हातातून फोन घेतला. "नाव हाय त्याच्यावर," ती म्हणाली. "तू नको काळजी करू."

आमच्याकडे टेबलाला चार खुर्च्या आहेत. तीन पाहुणे आले की मी ताट हातात घेऊन भिंतीला टेकतो आणि उभ्यानेच जेवतो.